पसंतीसाठी आलेली पाच पुस्तके

ग्रंथपालांनी पहिल्या पुस्तकाचे चौदावे पान उघडले, ते मिटू नये म्हणून त्यावर काचेचे पेपरवेट ठेवले आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टंकायला सुरुवात केली. एक नजर पुस्तकात, एक पडद्याकडे, पुन्हा पुस्तकात. वाक्य पुरे झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा केला, कुणी बघत नाही ना ते पाहिले आणि एंटरची कळ दाबली.

पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटली.

"निवडलं का, काका?"

ते दचकले. मागे रक्तपेढीवाली उभी होती, खांद्याला पिशवी, ड्यूटी संपवून थेट आलेली. दोन इमारती पलीकडच्या रक्तपेढीत ती अकरा वर्षे नोंदणीचे टेबल सांभाळत होती. आता तिथल्या नोंदी संगणकावरच्या डेटाबेसमध्ये जाणार होत्या आणि त्या टेबलावर कोण राहणार हे खात्याच्या परीक्षेवर ठरणार होते. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. दुसरी आणि शेवटची खेप महिन्यावर आली होती. तीही हुकली, तर तिची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामात हातमोज्यांची खोकी मोजायला होणार होती.

"आजच हात घातलाय," ग्रंथपाल म्हणाले. "आठवडाभर दे मला."

"घ्या की. मी कुठं पळून जातेय? गोदामात गेले तर गोष्ट वेगळी."

ती हसली. ग्रंथपालांना हसता आले नाही, कारण पहिल्या खेपेचे पुस्तक त्यांनीच निवडून दिले होते. त्यातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. पण भाषा काय सुरेख होती! प्रस्तावना तर त्यांनी दोनदा वाचली होती. संगणकाच्या पुस्तकात असे गद्य सापडते याच आनंदात त्यांनी ते तिच्या हातात ठेवले. निकालानंतर ते परत करताना ती एवढेच म्हणाली होती, "छान होतं हो, काका." त्या शब्दांनी त्यांची झोप उडवली होती.

या वेळी त्यांनी विक्रेत्याकडून डेटाबेस शिकवणारी पाच पुस्तके पसंतीसाठी मागवली. रिवाज असा, की दहा दिवस ठेवायची, एक घ्यायचे, उरलेली न मळता परत करायची. तोवर ती कुणाला घरी न्यायला देता येत नसत. ग्रंथपालांनी पाचही पुस्तकांना वर्तमानपत्राची वेष्टणे घातली आणि ती समोर मांडून दोन दिवस नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोनेच तोड काढली. ती शिवणकाम करायची.

"अहो, त्यात एवढं काय? शिवणाचं पुस्तक चांगलं की वाईट हे मी वाचून ठरवते का?" दातांत धरलेला दोरा तोडत ती म्हणाली. "त्यात सांगितलंय तसं कापायचं. अंगात बसलं तर पुस्तक चांगलं."

"पण मला संगणकातलं काही येत नाही."

"मग तर उत्तमच. ज्याला येतं त्याला कुठलंही पुस्तक चालतं."

म्हणून आज ते वाचनालयाच्या जुन्या संगणकासमोर बसले होते आणि ती लाल ओळ हटायला तयार नव्हती.

रक्तपेढीवाली वाकून बघू लागली. "नावाला अवतरणचिन्हं दिली नाहीत तुम्ही."

"पुस्तकात आहेत. पण मला वाटलं, छपाईची सजावट असेल. हे काही कुणी बोललेलं नाही, मग अवतरण कशाला?"

"काका!" ती तोंडावर हात ठेवून हसली. वाचनालयात दोनच वाचक होते. दोघांनीही वर पाहिले. "अहो, चिन्हं नसली तर त्याला कसं कळणार, की हे माणसाचं नाव आहे? ते शोधत बसतं, या नावाचा रकाना कुठाय म्हणून."

ग्रंथपालांनी चिन्हे दिली. ओळ नाहीशी झाली. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी तेच वाक्य उगाच पुन्हा एकदा टंकले आणि एकाच सभासदाची दोनदा नोंद करून ठेवली. मग ती कशी पुसायची हेही तिने दाखवले.

पुढे हे रोजचेच झाले. साडेपाचला ती यायची, "निवडलं का?" विचारायची आणि ग्रंथपाल कुठेतरी अडकलेले असायचे. एका पुस्तकात अकराव्या पानापर्यंत सगळे गोडीगुलाबीने चालले होते. बाराव्यावर लेखकाने गृहीत धरले होते की वाचकाला बाकीचे आपोआप कळेल. दुसऱ्यात प्रश्न भरपूर होते, उत्तरे नव्हती. ग्रंथपाल वहीत पुस्तकाचा क्रमांक, पान आणि "येथे अडलो" असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत. रात्री झोपताना त्यांना वाटे, दोष पुस्तकांचा नसून आपल्या डोक्याचाच आहे.

सहाव्या दिवशी त्यांनी दोन याद्या केल्या. एकीत पाच सभासद, दुसरीत त्यांनी नेलेली सात पुस्तके. पुस्तकाच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही जोडल्या. उत्तरात पस्तीस ओळी आल्या.

"बघ," रक्तपेढीवाली येताच ते उत्साहाने म्हणाले, "आपल्याकडे वाचन वाढलंय."

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"मागच्या वेळी मी इथंच गटांगळी खाल्ली होती," ती हळू म्हणाली. "नुसतं पाठ केलं होतं. परीक्षेत प्रश्न फिरवून आला आणि माझ्यापुढं अंधार."

"मग राहू दे. पुढचं पान बघू."

"नाही, थांबा. तुम्ही त्याला सांगितलंच नाही, कुणाचं पुस्तक कुणाशी जुळवायचं. मग त्यानं काय केलं? प्रत्येक माणसाला प्रत्येक पुस्तक चिकटवलं. पाच साते पस्तीस." ती पडद्याकडे बघत राहिली. "आमच्याकडे असं झालं तर? प्रत्येक दात्याच्या नावावर प्रत्येक पिशवी. ए गटवाल्याच्या नावावर बी गटाची... अगं बाई! म्हणून तो सभासद क्रमांक दोन्हीकडे लिहायचा असतो. नुसता लिहून भागत नाही, तो सारखा असेल तरच जोड म्हणून सांगायचं."

"मला परत सांग," ग्रंथपाल म्हणाले. "सावकाश."

तिने परत सांगितले. तिसऱ्यांदाही सांगितले. तिसऱ्या वेळी ती त्यांच्याकडे न बघता, हवेत बोटांनी याद्या काढत सांगत होती.

आठव्या दिवशी त्यांनी संगणकाला विचारले, कुणाकुणाचा फोन नंबर रिकामा आहे? उत्तर आले, कुणाचाच नाही. ते खूश झाले. तिने कपाळावर हात मारला आणि समजावले, की रिकामे हे कशाच्याही बरोबरीचे नसते, दुसऱ्या रिकाम्याच्याही नाही; त्यामुळे "बरोबर आहे का" असे विचारून चालत नाही, "रिकामं आहे का" असेच विचारावे लागते.

"हे फार खोल आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"खोल कसलं, काका. दात्यानं वजन सांगितलं नाही म्हणजे त्याचं वजन शून्य नसतं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात हे."

दहाव्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. ग्रंथपालांनी पाचही पुस्तके ओळीने मांडली होती, वही उघडली होती, आणि साडेपाचला ती आली तेव्हा त्यांची मान खाली होती.

"मला नाही ठरवता येत गं. पाचही पुस्तकांत अडलो. परत चूक झाली तर..."

तिने ऐकूनही घेतले नाही. तिसरे पुस्तक उचलले. "हे ठेवा."

"त्याची भाषा जरा रुक्ष आहे."

"असू दे. चूक केल्यावर पडद्यावर काय येतं, ते यात छापलंय. बाकीच्या चारांत सगळं पहिल्या फटक्यात बरोबर येतं. असं कुणाचं येतं का?"

ते पुस्तक तिच्या नावावर लागले आणि ती यायची थांबली. ग्रंथपालांना साडेपाचची वेळ आता जड जाऊ लागली. विक्रेत्याकडून त्यांनी त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत मागवली. बायकोने कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मागणी आहे." कुणाची, ते त्यांनी सांगितले नाही.

परीक्षेनंतर पंधरा दिवसांनी ती आली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"पास! टेबल माझंच. आणि ऐका, नव्या सहा जणांना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात मारलंय."

ग्रंथपाल खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. "वा," ते म्हणाले. "वा, वा."

"आता कबूल करा." तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. "तुम्ही मुद्दाम चुकत होता ना? परीक्षेत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही मला विचारत काय होता, तुम्ही तर माझ्याकडून वदवून घेत होता! मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या काकांसारखा मुरलेला मास्तर बघितला नाही."

ग्रंथपालांचे कान लाल झाले. इतके चांगले त्यांच्याबद्दल कधी कुणी बोलले नव्हते. गप्प राहिले असते तरी चालले असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एकशे बाराव्या पानावर," ते म्हणाले, "एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न घातलाय. आधी पोटातला सोडवायचा, मग बाहेरचा, एवढं मला कळलं. पण पोटातला जर बाहेरच्याकडेच बघत असेल, तर सुरुवात कुणी करायची?"

ती खदखदून हसली. "पुरे आता, काका! झाले ना मी पास!"

त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. त्याच प्रश्नाचे वाक्य त्यांनी नऊ वेळा लिहून नऊ वेळा खोडले होते. प्रत्येकापुढे तारीख होती. सगळ्या तारखा तिची परीक्षा होऊन गेल्यानंतरच्या होत्या.

तिचे हसू विरत गेले. तिने वहीचे पान उलटले, पुन्हा मागे आणले.

"म्हणजे तुम्हाला खरंच येत नव्हतं?"

"अक्षरसुद्धा नाही."

"आणि आता येतं ते..."

ग्रंथपालांनी तिच्याकडे बोट दाखवून मान डोलावली.

मग तिने खांद्याची पिशवी काढून जमिनीवर ठेवली.

"सुरुवात बाहेरचाच करतो," ती म्हणाली. "एक ओळ हातात घेतो, आत जातो, विचारतो, उत्तर घेऊन बाहेर येतो. मग दुसरी ओळ."

"प्रत्येक ओळीला जाऊन येतो?"

"प्रत्येक."

"दमत नाही?" ग्रंथपालांनी काळजीने विचारले.

"सरका जरा," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून घेतली.