वाचून दाखवले, समजले, मान्य

"अप्पा, लेकराच्या केसला कोणता वकील धरावा, सांगा की."

"बसा," मी मान वर न करता म्हणालो.

जिंतूरच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. लोक वकील शोधायला थेट वकिलाकडे जात नाहीत, आधी आमच्याकडे येतात. कोण नुसता बोलतो, कोण तारखेला उगवतच नाही, कोण समोरच्या पार्टीसोबत चहा पितो, हे सगळं आम्हाला ठाऊक असतं. वाटणीचा दावा असला की मी एक नाव सांगतो, नवरा-बायकोचं भांडण असलं की दुसरं. बत्तीस वर्षांत माझा सल्ला फारसा चुकलेला नाही. फुशारकी मारत नाही, पण वकील मंडळीसुद्धा मला शिवकांतअप्पा म्हणून मान देतात.

"कागद काही हाय का?"

बाईने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला शंभराचा बॉण्ड काढला. घड्यांवर फाटलेला. तो पुरता उघडायच्या आधीच मी तो ओळखला. माझ्या जुन्या मशीनचा 'र' ओळ सोडून वर उडायचा. या कागदावरचा प्रत्येक 'र' तसाच होता.

फारकतनामा, म्हणजे सोडचिठ्ठीचा कागद. लिहून देणार सत्यशीला, लिहून घेणार परमेश्वर. खाली माझं नेहमीचं वाक्य: 'मुलगी राणी हिचा ताबा मी राजीखुशीने तिच्या वडिलांकडे देत असून यापुढे तिच्यावर माझा कसलाही हक्क राहणार नाही.' आणि अगदी शेवटी: 'सदर मजकूर मला वाचून दाखवला, समजला, मान्य.'

"हितल्या दोगा वकिलांनी वापस लावलं," सत्यशीला सांगत होती. "म्हन्ले, तूच लिहून दिलंस, आता काय व्हतंय? अप्पा, ह्यो लिहिनारा जित्ता हाय का वं?"

"काय म्हाईत बाई. लय जुना कागद हाय," मी म्हणालो.

इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

आमच्याकडे फारकत म्हणजे पाच-सात माणसं, एक बॉण्ड, दोन सह्या आणि वर चहा. कोर्टाच्या दारात, पण कोर्टाला न विचारता. दसऱ्याच्या आधी तर हंगामच असतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जोडी मोडली की टोळीचा मुकादम विचारतो, दुसरी बायको कधी आणतोस? मग फारकत घाईघाईने उरकायची. मजकूर माझ्या उस्तादांनी घालून दिलेला. नावं तेवढी बदलायची. उस्तादांनी आणखी एक रीत शिकवली होती, कागद मोठ्याने वाचायचा. मी कधी चुकलो नाही. प्रत्येक फारकतनामा मी मोठ्याने वाचला. भावाला, चुलत्याला, मुकादमाला. बाई कुठेतरी भिंतीला टेकून बसलेली असायची. तिला वाचून दाखवायचं असतं, हे माझ्याच काय, तिथल्या कुणाच्याही मनात कधी आलं नाही. तिची फक्त सही लागायची.

हिच्याही वेळी तेच झालं. नऊ वर्षांपूर्वी. हिचा भाऊ रामहरी टेबलाशी उभा होता, त्याने 'बराबर हाय' म्हटलं. ही खाली बसलेली, मांडीवर दोन-अडीच वर्षांची पोर. पोर सारखी किरकिर करत होती आणि माझी अक्षरं चुकत होती. म्हणून मी खणातलं बिस्कीट काढून पुढे धरलं. पोरीने आईचा पदर सोडला, दोन पावलं टाकत माझ्याकडे आली. तेवढ्यात परमेश्वरच्या आईने तिला मागून उचललं आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. पोर रडत गेली. रडणं लांब लांब जात राहिलं आणि मी सत्यशीलेला बोटाने जागा दाखवली, "हितं सही करा."

माझ्या हातून बेइमानी झाली नव्हती. मी फक्त एक बिस्कीट दिलं होतं. पण तेव्हापासून ते रडणं माझ्या मागे लागलं. सकाळी अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतो, डोळे मिटतो, आणि ते सुरू होतं. आधी जवळ, मग लांब, मग आणखी लांब. सुरुवातीला मी बायकोला, बसम्माला विचारायचो, "शेजारी कुनाचं लेकरू रडायलंय?" ती म्हणायची, "कुनाचं न्हाई वं. पूजा करा गप." पुढे विचारायचं सोडलं.

"आता कामून काढलं हे?" मी सत्यशीलेला विचारलं.

"पोरीची शाळा सोडवायलेत. दसरा झाला की कारखान्याला नेनार. सावत्र दोन लेकरं हायेत, ती सांभाळाय." तिने कागदाची घडी घातली. "शाळंत हुशार हाय म्हनं. मी नऊ वरसांत धा डाव बी बघितली नसंल. जत्रंत, लांबून. अप्पा, मला तिच्यावर हक्क न्हाई का खरंच?"

"उद्या सकाळी स्टँडवर या," मी म्हणालो. "परभणीला रुद्राणी वकीलबाई हायेत. मी संगं येतो."

परभणीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. आज सांगू, आता सांगू, असं मी मनात घोळवत होतो. बोरी गेलं, झरी गेलं, माझं तोंड काही उघडलं नाही.

रुद्राणीबाई ज्युनियर होत्या तेव्हा त्यांचे अर्ज मीच टाइप करायचो. त्यांनी कागद एकदा वाचला, चष्मा काढला. "फारकतीचं नंतर बघू. पण मुलीचं हे काय लिहिलंय? शेत लिहून देता येतं, बैल लिहून देता येतो. लेकरू असं देता येत नसतं. आणि पाच वर्षांच्या आतलं लेकरू कोर्ट शक्यतो आईकडेच ठेवतं. त्याच महिन्यात तुम्ही कुणा वकिलाकडे गेला असता तर..." त्या थांबल्या. "हे लिहिलं कुणी?"

पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.

"मी," मी म्हणालो.

सत्यशीलेकडे बघायची माझी छाती झाली नाही. तीच बोलली, "मला वळखू आल्तं, अप्पा. कालच, टेबलापाशी."

"मंग बोलल्या कामून न्हाईत?"

"तुमी आपून होऊन सांगताव का न्हाई, ते बगायलते."

एखादीने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता याचीच मला भीती वाटली.

रुद्राणीबाईंनी वही ओढली. "हिला वाचून दाखवलं होतं?"

"हिच्या भावाला दाखवलं."

"हे कोर्टात सांगाल? ते म्हणणार, बाईने समजून-उमजून पोर दिली, नऊ वर्षं गप्प बसली. तुमची साक्ष झाली तर त्या म्हणण्यातला जोर जाईल. पण अप्पा, एकदा हे बोललात की तुमच्या टेबलाकडे कोण फिरकणार? नीट विचार करा."

घरी बसम्मा म्हणाली, "म्हातारपनी कशाला तोंड काळं करून घ्यायलाव? लोकं थुकतील." तिचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून माझं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं. शेवटी बोटं सवयीने 'वाचून दाखवला, समजला' याच वाक्याकडे वळली. मी ते पान काढून टाकलं आणि दुसरं घातलं. मग सगळं प्रतिज्ञापत्र स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. आजूबाजूचे टायपिंगवाले हसले.

परभणीच्या कोर्टात परमेश्वरच्या वकिलाने मला उभं-आडवं घेतलं.

"असे किती फारकतनामे लिहिलेत?"

"मोजले न्हाईत, साहेब."

"सगळ्यांत 'वाचून दाखवला' हे वाक्य आहे?"

"सगळ्यांत."

"म्हणजे बत्तीस वर्षं तुम्ही खोटं लिहीत आलात, आणि आज मात्र खरं बोलताय?"

"व्हय," मी म्हणालो.

मागे कुणीतरी खाकरलं. माझ्या ओळखीचे चार-दोन वकील होते, ते आपापल्या फाइली चाळू लागले. पिंजऱ्यातून खाली उतरताना मला वाटलं होतं, आता ते रडणं थांबेल. थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो तर पुन्हा तेच. उलट आता त्याच्या मागे दुसरी रडणी ऐकू येऊ लागली. ज्यांची तोंडंसुद्धा मला आठवत नाहीत अशा पोरांची.

दसऱ्याला नऊ दिवस उरले असताना जजसाहेबांनी राणीला आपल्या खोलीत बोलावून अर्धा तास बोलून घेतलं. मग हुकूम झाला: अंतिम निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील, शाळेत जाईल, महिन्यातून दोन रविवार बाप भेटेल.

रुद्राणीबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सत्यशीलेने दोन्ही हात पदराखाली घेतले.

परमेश्वर काही राक्षस नव्हता. त्याने पोरीची कपड्यांची पिशवी बाकावर ठेवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "अभ्यास कर," म्हणाला आणि मागे न बघता जिना उतरला. राणी शाळेच्या ड्रेसवर होती, उंच, आईच्याच वळणाची. बाप दिसेनासा होईपर्यंत ती जिन्याकडे बघत राहिली. मग वळली. तिने सत्यशीलेला नीट न्याहाळलं, नव्या मास्तरणीला न्याहाळावं तसं.

"तुमाला काय म्हनू मी?" तिने विचारलं.

नऊ वर्षं जिच्यासाठी ही बाई जळत होती, ती पोर तिला 'तुमाला' म्हणत होती.

"तुला वाटंल ते म्हन बाई," सत्यशीला म्हणाली. "घाई न्हाई."

राणीने मान हलवली आणि पिशवी स्वतःच उचलली.

जिंतूरची गाडी लागली होती. तिघं बसतील अशा बाकड्यावर राणी खिडकीशी बसली, सत्यशीला अलीकडच्या टोकाला. मधे एका माणसाची जागा मोकळी. सत्यशीलेने सरकायचं म्हणून जरासं अंग हलवलं, मग पोरीकडे बघून तशीच थांबली. गाडी भरत आली. कंडक्टरने तिकिटं फाडली आणि मला म्हणाला, "अप्पा, कामून उभे ऱ्हायलाव? ती बगा मधी जागा हाय की."

"ती भरलेली हाय," मी म्हणालो, आणि वरचा दांडा धरून जिंतूरपर्यंत उभा राहिलो.