नऊ कोठी गेले?

“मंग नऊ कोठी गेले?” मानीनं विचारलं.

एकसष्ट साल. कळंबच्या मुलींच्या शाळेत विमलताई दुसरीच्या पोरींकडून बेरीज मोठ्यानं म्हणवून घेत होत्या. फळ्यावर अठ्ठेचाळीस अधिक सदतीस. आठ नि सात पंधरा, पाच मांडले, हातचा एक. पोरींनी तालात म्हटलं. तांड्यावरून येणारी मानी तेवढी उभी राहिली.

“बाई, पंधरातून पाच गेले तं दहा राह्यते. तुमी एकच धरला.”

पोरी खिदळल्या. विमलताईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. “लय शायनी झाली! म्हन, हातचा एक.”

दुसऱ्या दिवशी मानी आली नाही. तिसऱ्याही नाही. एकोणीस वर्षं विमलताई हातचा शिकवत होत्या. तो एकच का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी हेडमास्तर सदाशिवरावांना विचारलं.

“रीत हाय ते, बाई. रितीले कायले विचारता?”

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या तांड्यावर गेल्या. मानीची आई लालीबाई पळसाच्या पत्रावळी लावत होती, मानी त्यांच्या जुड्या बांधत होती. बाईंना पाहताच ती आईच्या आड सरकली.

“किती झाल्या?” विमलताईंनी विचारलं.

“तीन जुड्या. नि सहा सुट्या.”

“जुडीत किती असते?”

“दहा.”

“मंग तीनच काहून म्हनते?”

“बांधल्यावर एकच होते न, बाई.” बोलता बोलता मानी थांबली. हातातल्या जुडीकडे तिनं नीट पाहिलं. “हातचा म्हंजे बांधेल जुडी असते?”

विमलताईंनी ती जुडी हातात घेऊन पाहिली.

“हो. मले येत नव्हतं, म्हनून तुले मारलं,” त्या म्हणाल्या. “सोमवारी पोरींले तूच सांग.”

“हे काय सांगन, बाई?” लालीबाई म्हणाली. “अर्धं आमच्याच बोलीत बोलते.”

“बोलू द्या.”

सोमवारी मानी फळ्याशी उभी राहिली. दोनदा अडली, आपल्या बोलीत गेली, परत आली. पोरी एकामागून एक विचारत सुटल्या. गलका ऐकून सदाशिवराव दारात आले.

“बाई कोठी हायेत?”

विमलताई मागच्या तरटपट्टीवर दोन पोरींच्या मध्ये मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनीही हात वर केला होता. मानी अजून दुसऱ्याच पोरीला समजावून सांगत होती.