त्रिदळाचा डबा

"उचला माई! एका हातानं उचला, भिऊ नका!"

कुसाबाईंनी पदर खोचला आणि जमिनीपर्यंत लाल मखमल सोडलेल्या चौरंगावरचा पांढरा डबा उजव्या हातानं अलगद वर उचलला. चार शेराच्या डब्याएवढा डबा, गोल, वर घट्ट झाकण. पोटावर पिवळा कागद चिकटवलेला आणि त्या कागदावर काळ्या रंगात तीन पाती.

"काय दिसतं बेटा?" महाराजांनी समोरच्या गर्दीला विचारलं.

"बेलाचं पान!" द्राक्षांचं ते रिकामं पॅकिंग शेड दणाणून गेलं.

"बेलाचं पान! त्रिदळ! माणसानं छापलेलं नाही, आपोआप उमटलेलं! आता माईंच्या गळ्यातला आजार मी यात ओढून घेणार. पण आजार आत शिरताना कुणी बघायचं नाही. बघणाऱ्याला लागतो!"

दोन चेल्यांनी भगवी शाल पडद्यासारखी धरली. शालीमागून 'ओम ओम' ऐकू आलं, मग कण्हणं, मग धपकन काहीतरी टेकल्याचा आवाज. शाल बाजूला झाली तेव्हा महाराज घामानं निथळत होते आणि डबा चौरंगावर होता तसाच होता.

"उचला आता!"

कुसाबाईंनी एका हातानं उचलायला पाहिलं. डबा हलेना. दोन हात लावले, कमरेत वाकल्या, तोंड लाल झालं. डबा जेमतेम बोटभर उचलला गेला आणि परत टेकला.

"एवढा आजार होता तुमच्या गळ्यात!" महाराज म्हणाले. कुसाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बायांनी हात जोडले.

शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या मृण्मयीनं मात्र तो पिवळा कागद ओळखला. ती तीन पाती बेलाची नव्हती. ते चिन्ह ती रोज बघत होती.

मृण्मयी नाशिकच्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होती. किरणं सोडणारी औषधं तिथं येतात आणि ती कुणाला अपाय न करता आणणं, ठेवणं, देणं ही तिची जबाबदारी. कुसाबाईंना थायरॉईडचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं होतं. उरलेल्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सर्गी आयोडीनचा एक डोस द्यायचा होता. पण ते औषध घेऊन येणारी गाडी इगतपुरीच्या घाटात उलटली. ड्रायव्हर बेशुद्ध होता. रस्त्यावर पांगलेल्या सामानातून दोन डबे कुणीतरी पळवले. एक भरलेला, दुसरा वाटेतल्या दवाखान्यातून कंपनीकडे परत जाणारा रिकामा. पोलिसांत तक्रार झाली, शोध सुरू झाला. कुसाबाईंना पुढची तारीख मिळाली.

त्या तारखेला त्या आल्याच नाहीत. मृण्मयीनं त्यांच्या मुलाला, संतोषला, फोन केला तर त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आता दवाखान्याची गरज नाही. आईचा आजार आज महाराज काढणार. दुपारी देवाचा डबा उघडणार, सगळ्यांना तीर्थ मिळणार.'

फोटोत तिचा हरवलेला डबा होता.

तिनं विभागप्रमुखांना कळवलं, पोलिसांना फोन केला आणि किरणं मोजणाऱ्या मीटरची बॅग उचलून रुग्णालयाच्या गाडीनं दिंडोरीच्या पुढची ही वस्ती गाठली. पोलीस निघाले होते, पण अजून पोचले नव्हते. झाकणाला तारेचं सील शाबूत दिसत होतं. ते आहे तोवर भीती नव्हती. आत जाड शिशाचं भांडं होतं आणि शिसं जवळजवळ सगळी किरणं अडवत होतं. पण ते झाकण उघडलं आणि आतल्या बाटलीतलं पाणी तीर्थ म्हणून घशाखाली गेलं, तर? कॅन्सरच्या पेशी मारणारं ते औषध धडधाकट माणसाची थायरॉईड ग्रंथीही तसंच जाळतं.

"आता तीर्थ!" महाराज उठले. "पहिला मान पोटुशा बायकांना. बाळ तेजस्वी निघेल, तेजस्वी!"

पुढच्या रांगेत चार गर्भार बायका बसल्या होत्या. त्यातली एक कुसाबाईंची सून छाया, सातव्या महिन्यातली. तिनं वाटी पुढं धरली होती.

"थांबा!" मृण्मयी गर्दीतून वाट काढत पुढं आली. "ते तीर्थ नाही. ते चोरीला गेलेलं औषध आहे. कुणी हात लावू नका!"

तिनं बॅगेतून मीटर काढून सुरू केलं आणि डब्याजवळ नेलं. टिक. टिक. टिक-टिक-टिक.

महाराज क्षणभर चपापले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"ऐकलंत? शहरातून बाई मशीन घेऊन आली आणि मशीनसुद्धा देवाची साक्ष देतंय! माईंचा आजार आत तडफडतोय, त्याचा आवाज हा! बोला त्रिदळनाथ महाराज की..."

"जय!"

मृण्मयीनं मीटर घाईनं बॅगेत कोंबलं. आपलं यंत्र आपण स्वतःच्या हातानं या माणसाच्या जाहिरातीला दिलं होतं. ती सांगत राहिली, किरणं, आयोडीन, शिसं. पण जयजयकारात कुणाला काही ऐकू जाईना.

संतोष तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कपाळाची शीर तटतटली होती.

"मॅडम, तुमचं औषध वेळेवर आलं का? पुढची तारीख, पुढची तारीख! आई रात्रभर रडायची. हितं तिला हलकं वाटतंय तर तुम्ही आडव्या का येता?"

औषध खरंच वेळेवर आलं नव्हतं.

"बाहेर काढा त्यांना," मागून कुणीतरी ओरडलं. एका चेल्यानं तिचं मनगट धरलं. तिनं दूरवर रस्त्यावर नजर टाकली, पोलिसांच्या गाडीचा मागमूस नव्हता. महाराजांनी पक्कड मागवली होती, सील तोडायला.

चोरीला दोन डबे गेले होते, इथं एकच दिसत होता. मृण्मयीनं आवाज खाली आणला.

"चुकलं माझं, महाराज. मलाही एक आजार आहे. तीर्थाआधी तेवढा माझा काढता?"

महाराजांनी तिला निरखलं. शहरातली शिकलेली बाई, सगळ्यांच्या देखत, हात जोडून. असा ग्राहक रोज मिळत नाही. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"देवाच्या दारी सगळे सारखे, ताईसाहेब. आधी माईंचा आजार भस्म करतो."

परत शाल धरली गेली. परत ओम ओम, परत धपकन आवाज. शाल हटली तेव्हा डबा चौरंगावर होता.

"उचला. हलका झालाय बघा."

मृण्मयीनं डबा उचलला. कापसासारखा हलका. तिनं तो छातीशी धरला आणि कुणाला काही कळायच्या आत मागं वळून दाराकडं चालू लागली.

"ए! डबा हलवायचा नाय!" महाराज किंचाळले. त्यांची सगळी शुद्ध बोली गळून पडली. दोन्ही चेले धावले.

पण मध्ये छाया उभी राहिली. जड अंगानं, एक हात कमरेवर ठेवून. "अंगाला हात लावाल तर बघा. बाईमाणूस हाय ती. काय करती ते करू द्या की, देव खरा असंल तर पळून का जाईल?"

चेले थबकले. पोटुशी बाई, तिला ढकलणार कसं?

मृण्मयी दाराशी पोचली आणि तिनं बॅगेतून मीटर काढलं. "मावशी," तिनं कुसाबाईंना हाक मारली, "इकडं या. हे मशीन तुमच्या हातात धरा. माझा आजार अजून माझ्यातच आहे, खरं ना? डबा रिकामा आहे. बघा बोलतोय का."

कुसाबाईंनी मीटर डब्याला लावलं. वरून, खालून, कडेनं. कुठं क्वचित एखादी टिक यायची, तेवढीच.

"गप्प हाय," त्या म्हणाल्या.

"आता मशीन घेऊन चौरंगापाशी जा. चौरंग तर मोकळाच आहे."

कुसाबाई निघाल्या. गर्दीनं वाट दिली. टिक. दोन पावलांनी परत टिक. चौरंगाजवळ पोचेपर्यंत मीटरनं कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज धरला. कुसाबाईंनी ते उजवीकडं नेलं, मंद झालं. खाली, चौरंगाच्या झालरीजवळ नेलं, थांबेचना.

त्यांनी मान वर करून महाराजांकडं पाहिलं.

"महाराज, डबा तर तिकडं ताईंकडं हाय. मंग हितं कोण बोलतंय?"

कुसाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी चौरंगावरची लाल मखमल जमिनीपासून वर उचलली.

आत दुसरा डबा होता. तसाच पांढरा, तसाच पिवळा कागद, तशीच तीन पाती.

"दोन हायेत!" छाया ओरडली. "अवं, दोन हायेत!"

पुढं जे झालं ते फार झपाट्यानं झालं. महाराजांनी झडप घालून तो जड डबा बाहेर ओढला, मांडीत घेतला आणि पक्कड उचलली. "दोन रूपं देवाची! दोन! आत्ता उघडून दाखवतो!" तारेचं सील तटकन तुटलं. झाकणावर त्यांचा पंजा बसला.

"मागं व्हा! सगळे मागं!" मृण्मयी जिवाच्या आकांतानं ओरडत धावली. "छाया, बाहेर जा! झाकण फिरवू देऊ नका!"

झाकण एक आटा फिरलं. दुसरा फिरायच्या आत संतोषनं महाराजांचं मनगट पकडलं. द्राक्षबागेच्या तारा ओढून ओढून निबर झालेला हात होता तो. महाराजांच्या बोटांतली पक्कड फरशीवर पडली.

"माझी बायको पयल्या रांगेत बसवली व्हती तू," संतोष दातओठ खात म्हणाला. "आत काय हाय ते तुला तरी ठाऊक हाय का?"

"नाय रे," महाराज पुटपुटले. "आईशप्पथ नाय. वजनदार लागला म्हणून उचलला."

मृण्मयीनं झाकण घट्ट आवळलं, हातमोजे घातले, मीटर आणि पुसणीच्या कागदानं सगळं तपासलं. डबा, फरशी, महाराजांचे हात, कुसाबाईंचे हात. आतली बाटली बंदच होती. काही सांडलं नव्हतं. मग कुठं ती द्राक्षाच्या क्रेटवर बसली.

पोलीस आले. महाराजांचं नाव गोटीराम निघालं. लिंबातून रक्त काढण्याचा धंदा बसला होता म्हणून घाटातल्या हॉटेलांपुढं तो भविष्य सांगत हिंडायचा, अपघाताच्या वेळी तिथंच होता. रिकाम्या डब्यातलं शिशाचं भांडं त्यानं काढून टाकलं, म्हणून तो डबा हलका. भरलेला डबा त्यानं तीर्थाच्या देखाव्यासाठी सीलबंदच ठेवला, म्हणून तो जड. शालीआड हलका खाली आणि जड वर, एवढाच त्याचा योग. धपकन आवाज आणि अंगावरचा घाम, दोन्ही शिशाच्या वजनाचे. मृण्मयीनं हलका डबा उघडून सगळ्यांपुढून फिरवला. आत थर्माकोलची कडी तेवढी होती. माणसं एकेक करून आत बघत होती आणि एकमेकांची नजर चुकवत होती.

"आणि ही पाती बेलाची नाहीत," ती म्हणाली. "ही धोक्याची खूण आहे. आत किरणं सोडणारी वस्तू आहे, लांब राहा, एवढंच ती सांगते. तुम्ही तिला नमस्कार करत होता."

कुसाबाईंनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "ताई, त्यानं बी मशीनीचा आवाज ऐकवला, तू बी ऐकवला. त्याच्या डब्यात बी दिसत नाय असं कायतरी, तुझ्या बी. मी अडाणी बाई. खरं कोणाचं, हे मला कसं कळावं?"

हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाचा होता.

"माझं म्हणणंही हात जोडून ऐकू नका, मावशी," मृण्मयी म्हणाली. "मला विचारा. आत काय आहे, ते विचारा. मी म्हणते तसं नसेल तर कसं ओळखायचं, ते विचारा. यानं अपाय काय होतो, ते तर आधी विचारा. जो माणूस शाल आडवी धरून म्हणतो की बघू नका, त्याच्यापासून उठून जा. मग तो भगव्या कपड्यातला असो नाहीतर माझ्यासारखा पांढऱ्या कोटातला. प्रश्न विचारल्यानं खऱ्या गोष्टीचं काही बिघडत नाही."

सील तुटलेलं ते औषध कुणालाच देता येणार नव्हतं. नवं यायला आठवडा गेला. कुसाबाई या वेळी संतोषबरोबर तारखेला हजर झाल्या. खोलीत टेबलावर शिशाचं भांडं होतं, त्यात बाटली, बाटलीत नळी. मृण्मयी दाराजवळ थांबली होती.

कुसाबाई नळीला तोंड लावेनात. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सुरुवात केली.

"आत काय हाय?"

"आयोडीन. गळ्यातल्या उरलेल्या पेशी ते शोषून घेतात, आणि किरणांनी मरतात."

"नक्की बरी व्हईन?"

"बहुतेक होतात. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. नंतर तपासून बघू."

"तरास?"

"तोंड कोरडं पडेल, मळमळेल. काही दिवस इथं एकटं राहावं लागेल."

"आन छायाजवळ?"

"घरी गेल्यावरही मी सांगेपर्यंत तिच्यापासून लांब राहायचं. बाळाला धोका असतो."

कुसाबाईंनी मान डोलावली. "त्यानं पोटुशा बायकांना म्होरं बसवलं. तू लांब बसवतीस."

मग नळी ओठांत धरून त्यांनी बाटली रिकामी केली.