कॉईलखालची वाट

आठ महिने आत्याने उंबरठा ओलांडला नव्हता. प्राणवायूचं यंत्र भिंतीतल्या प्लगला बांधलेलं आणि आत्या यंत्राच्या नळीला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बॅटरीवरचं छोटं यंत्र एक तास न थांबता चालवून दाखवा, मग खुशाल हिंडा."

छोटं यंत्र आलं होतं. बॅटरीतून त्याला मोजूनमापून वीज देणारा बोर्ड भाचा घरीच बनवत होता. जन्मभर असलेच बोर्ड बनवून तो निवृत्त झालेला. त्यामुळे या विषयात घरात त्याच्या शब्दाला वजन होतं. निदान मंगळवारपर्यंत होतं.

बुधवारपासून बोर्ड अकराव्या मिनिटाला मान टाकू लागला. पण विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सुई, म्हणजे प्रोब, टेकवून भाचा समोर बसला, की तोच बोर्ड दोन-दोन तास शहाण्यासारखा चाले. प्रोब काढला, की पुन्हा अकरावं मिनिट.

"तू बघतोस म्हणून नीट वागतंय," आत्या पलंगावरून म्हणाली. "दुसरीत असताना तूही असाच होतास."

"आत्या, वीज माणसं बघून वागत नाही गं."

"मग मला प्रोबसकट पाठव बाहेर. तूही ये मागून, टेबल घेऊन."

दुपार होती. पडद्यातून आलेलं ऊन बोर्डावर सरकत होतं. भिंग डोळ्याला लावून बघता बघता भाच्याचं घर मागे राहिलं आणि तो तांब्याच्या गल्ल्यांतून चालू लागला. आवाज नाही, धूळ नाही, सगळीकडे तांबूस उजेड. कोपऱ्यावर चिप बसली होती, सेकंदाला लाखो वेळा विजेचा नळ उघडत आणि बंद करत, तोंडावर कंटाळ्याची एक रेघ नाही. पलीकडे तारेच्या वेटोळ्यांची कॉईल विजेने भरत होती, रिकामी होत होती, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या पोटासारखी. आणि एका अरुंद वाटेने निरोप्या उलटा येत होता. पुढे किती व्होल्ट पोचले, एवढंच चिपला सांगायचं त्याचं काम.

भाचा त्याच्या मागोमाग गेला. वाट नेमकी कॉईलच्या पोटाखालून जात होती. तिथे असा काही गोंगाट, की निरोप्या धक्के खात, कपडे फाडून चिपपाशी पोचे. बॅटरी जरा उतरली, की गोंगाट वाढे. मग निरोपाचं ते ध्यान बघून चिप घाबरे आणि नळच बंद करे. प्रोबच्या अंगात वीज साठवणारा इवलासा कपॅसिटर असतो. प्रोब वाटेवर टेकवला, की तो हा गोंगाट मुकाट्याने पिऊन टाकत होता.

"कुठल्या गाढवाने काढली ही वाट इथून?" भाच्याने विचारलं.

उत्तर त्याला ठाऊक होतं. आधी वाट बोर्डाच्या कडेने, तीन वळणं घेत जात होती. मंगळवारी ती त्याच्या डोळ्यांना वाकडी दिसली, म्हणून त्याने सरळ केली. वर दोन मिनिटं तिच्याकडे कौतुकाने बघतही बसला होता.

"सापडलं का रे काही?" आत्याने विचारलं.

"सापडलं. माझंच सौंदर्य नडलं."

"तुझं?" आत्या त्याच्याकडे नीट बघत म्हणाली. "काहीतरीच."

त्याने पात्याने ती देखणी रेघ कापली, कडेने एक बारीक तार फिरवून डाग दिला. बोर्ड दिसायला अगदीच गबाळा झाला. मग प्रोब बाजूला ठेवून त्याने यंत्र सुरू केलं.

अकरावं मिनिट आलं आणि गेलं. तिसाव्या मिनिटाला आत्याने बूट मागितले. तास भरल्यावर भाच्याने डॉक्टरांना फोन केला, बॅटरी पुन्हा भरली आणि संध्याकाळी दोघं बाहेर पडली.

"बॅटरी अर्धी झाली, की परत फिरायचं," त्याने बजावलं.

आत्या रमतगमत निघाली. प्रत्येक फाटकापाशी थांबे, आतली कुंडी, सायकल, वाळत घातलेले मोजे बघे. यंत्र खांद्यावर गुरगुरत होतं. रस्ता संपतो तिथे बाक होता. ती त्यावर टेकली.

"आत्या, अर्धी झाली बॅटरी."

"झाली ना? मग बस दोन मिनिटं. येताना सगळं बघून झालंय. जाताना कुठे थांबायचंय मला?"

हिशेबात खोट काढता येईना. भाचा बसला.