शिल्लक ठेवलेली ठिकाणं

सकाळी गाडी निघाली तेव्हा धुकं जेमतेम कमरेएवढं होतं. वर झाडांचे शेंडे स्वच्छ दिसत होते आणि खाली विजेच्या खांबांचे पाय गायब. पुढे भावोजी आणि ताई, मागे मध्ये मी, एका खिडकीशी सात वर्षांची मुंगी आणि दुसऱ्या खिडकीशी तिचा धाकटा भाऊ ढब्बू.

भावोजी पवनचक्क्यांचे फिटर आहेत. दोनच दिवसांनी ते दोन वर्षांसाठी परदेशी जाणार होते, भर समुद्रात उभ्या केलेल्या चक्क्यांवर काम करायला. मुलांना हे सांगायचं राहिलं होतं. ढब्बूला सांगून उपयोग नव्हता, त्याला 'उद्या' म्हणजे काय हेसुद्धा अजून नीट कळत नाही. प्रश्न मुंगीचा होता.

"आज मनसोक्त फिरवू. खुशीत असली की संध्याकाळी सांगू," असं भावोजींनी ठरवलं होतं.

"सांगू नाही, सांगेन म्हण. मी तोंड उघडणार नाही," ताईनं घरातच बजावलं होतं.

पहिला थांबा काचघराचा. आतल्या झाडांनी आपली पानं काचेला टेकवली होती. काचांवर आतून थेंब साचले होते, त्यामुळे सगळं जंगल पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. आम्ही उतरलो. मुंगी बसूनच राहिली.

"चल ना गं," ताई म्हणाली.

"नको. हे शिल्लक."

शिल्लक हा या घरचा नियम, भावोजींनी काढलेला. प्रत्येक सहलीत एक ठिकाण मुद्दाम न पाहता सोडायचं. सगळंच पाहून टाकलं तर परत कशाला येणार, असं त्यांचं म्हणणं. सोडलेलं ठिकाण पुढे पाहायचं तेही सगळ्यांनी मिळूनच, एकट्यानं जाऊन उरकायचं नाही. कुठलं सोडायचं ते मुंगी ठरवते, पण नेहमी अगदी शेवटी, ओठ चावत, खूप विचार करून.

"आज लवकर ठरलं," भावोजी म्हणाले. आम्ही आत एक चक्कर मारायची तीही मारली नाही. नियम म्हणजे नियम.

ऊन चढलं. लांब डांबरावर पाणी चमकायचं आणि गाडी जवळ गेली की नाहीसं व्हायचं. गाडी भिजेल म्हणून ढब्बू पाय वर घेऊन बसला. तापलेल्या हवेतून प्रकाश कसा वाकतो ते मी त्याला समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पाय वरच ठेवले.

"मेहुणीबाई, त्याला आधी नाक शिंकरायला शिकवा," भावोजी आरशातून म्हणाले.

"ते खातं तुमच्याकडे आहे."

दुसरा थांबा गुहेचा. तिच्या तोंडातून गार हवा संथपणे बाहेर येत होती, डोंगर झोपेत श्वास सोडत असावा तशी. मुंगी याही वेळी उतरली नाही. बोललीही नाही, नुसती मान हलवली. मी लगेच निदान केलं, हिला गाडी लागली. डोळे सांगतात आपण स्थिर बसलोय, कानातलं पाणी सांगतं आपण हलतोय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. ताईनं लिंबू कापून हुंगायला दिलं. मुंगीनं ते मुठीत धरलं, नाकाजवळ नेलं नाही.

पुढे एका मैदानात जुनं विमान ठेवलेलं होतं. गवतावरची हवा थरथरत होती, त्यामुळे ते जमिनीपासून वीतभर सुटून तरंगत असल्याचा भास व्हायचा. ढब्बू वैमानिकाच्या खुर्चीत बसला तो उठेचना. मुंगी गाडीच्या काचेतून पाहत होती. तिचं कपाळ गार होतं. मी उकडलेलं अंडं पुढे केलं तर तिनं ते मिटक्या मारत खाल्लं आणि दुसरं मागितलं. माझं निदान तिथेच कोसळलं. गाडी लागलेलं मूल अंडी मागत नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकडीआड गेला होता. पाणी अजून उजळ होतं, काठ मात्र निळसर झाला होता. भावोजी मुंगीच्या बाजूचं दार उघडून खाली उकिडवे बसले.

"हेही शिल्लक?"

"हो."

"एका सहलीत एकच, मुंगे."

"तू जास्त दिवस जाणारेस ना. मग जास्त लागतील."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं.

"कोण म्हणालं तुला?" भावोजींनी विचारलं.

"कोणी नाही. तू कपाटाच्या आरशासमोर जाड कोट घालून उभा होतास. इथे तेवढी थंडी पडतच नाही."

"म्हणजे बरीच ठिकाणं उरली की मला यावंच लागेल?"

तिनं मान डोलावली.

"आणि मी येईपर्यंत तू काहीच बघणार नाहीस?"

"नाही."

"हे बघ. तू सगळं बघितलंस तरी मी येणार. आणि काहीच नाही बघितलंस तरी दोन वर्षं लागणारच. तू थांबलीस म्हणून ती कमी होणार नाहीत गं."

"मग कशानं होतील?"

"कशानंच नाही."

आता ही रडणार, असं मला वाटलं. ती काठाला बांधलेल्या पायडलच्या बोटींकडे पाहत होती.

"दोन वर्षांनी माझे पाय पोचतील तिथे?"

"पोचतील."

"आज नाही पोचत."

"आज मी मारतो पायडल. तू सुकाणू धर."

ती उतरली. नाववाल्यानं घड्याळ पाहिलं, कुरकुरला, आणि शेवटची फेरी म्हणून दोघांना सोडलं. "पिवळ्या दोरीपलीकडे जायचं नाही हं," तो मुंगीलाच म्हणाला, कारण सुकाणू तिच्या हातात होतं.

दिवस मावळला की पाण्यालगतची हवा आधी गार होते आणि वरची उबदार राहते. वर निघालेला आवाज त्या उबेत वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून बोट नखाएवढी झाली तरी ते दोघं आमच्या शेजारी बसून बोलत असल्यासारखे ऐकू येत होते.

"तू झोपणार कुठे?"

"एका मोठ्या जहाजावर. खोलीत आणखी एक फिटर असेल."

"तो घोरला तर?"

"मी त्याच्याहून मोठ्यानं घोरेन."

"चक्की हलते?"

"वारा असला की हलते. वर चढलं की कळतं."

"तुला भीती वाटते?"

"वाटते," भावोजी म्हणाले. "आईला बोललो नाहीये."

"मी सांगू?"

"नको. माझं मी सांगतो. आजच सांगतो."

ताई झोपलेल्या ढब्बूला खांद्यावर घेऊन काठावर उभी होती.

"आपण ऐकायला नको," ती हळूच म्हणाली.

"नकोच," मी म्हणाले.

आम्ही दोघीही हललो नाही. तिकडे मुंगी विचारत होती, समुद्रात रात्री किती अंधार असतो, आणि भावोजी तिला ते सावकाश सांगू लागले होते.