उसनं पाणी

मी एक जुना रेडिएटर आहे, मित्रांनो. लष्करी जीपच्या नाकामागे, उभ्या पट्ट्यांच्या आड माझी जागा. तुम्ही जीपचा हिरवा रंग पाहता, बॉनेटवरचा पांढरा तारा पाहता, चाकावर पाय ठेवून फोटो काढता. मागे मी आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. रुसून काही मिळत नाही, म्हणून मी रुसत नाही. पण एकटं वाटतं, ते वाटतंच.

युद्धाच्या दिवसांत डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने माझ्या नळ्या झाळल्या. मला पाण्यात बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं आणि माझ्या कडेवर थाप मारली. ती थाप मला पुष्कळ वर्षं पुरली.

माझं काम साधं. वरच्या रबरी पाइपातून इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्याकडे येतं. मी ते वाऱ्यावर निववतो आणि खालच्या पाइपातून परत पाठवतो. फौजेत माझा मान मोठा होता. ड्रायव्हर सकाळी आधी माझं झाकण उघडून पाणी पाहायचे, मग स्वतःची कॉफी.

युद्ध संपलं, आमचा लिलाव झाला. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याने जीप काही वर्षं राबवली आणि मग मक्याच्या कोठारामागे सोडून दिली. माझ्या जाळीत गांधीलमाश्यांनी घर केलं. माझं झाकण उघडायला कुणी आलं नाही. बर्फ पडायचं, वितळायचं, पुन्हा पडायचं.

तिथून मला वेंडलने आणलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली. गॅरेजमध्ये तो माझ्याशी बोलायचा, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने माझ्या जाळीतली पानं दातकोरणीने काढली. पाण्याचा पंप बसवला, पट्टा चढवला. मग एक दिवस तो मोठ्या कौतुकाने कागदात गुंडाळलेले दोन पाइप घेऊन आला. युद्धातलेच, अस्सल, कधी न वापरलेले. जुन्या गाड्यांच्या जत्रेत परीक्षक असल्या अस्सलपणाला भाळतात.

त्याची बहीण आर्डिस दारात उभी होती. ती म्हणाली, “अरे, ट्रॅक्टरच्या दुकानातून नवे आण की. हे रबर म्हातारं झालंय.”

“वापरलेलं नाही, आर्डिस. कोरं आहे!”

“तुलाही कागदात गुंडाळून ठेवलं असतं, म्हणून काय गुडघे कोरे राहिले असते?”

वेंडलने ऐकलं नाही. पाइप बसवले, क्लिपा आवळल्या. मला ते रबर कडक लागत होतं. पण माझं बोलणं म्हणजे वाफ, आणि ती फार उशिरा येते.

हे सगळं मायलोसाठी चाललं होतं. मायलो कुचेरा, वेंडलचा जुना मित्र, तोही कधीकाळी फौजेत होता. त्याचा थोरला भाऊ एमिल असलीच जीप चालवताना युद्धात गेला होता. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सारं गाव मिरवणुकीने दफनभूमीवर जातं. तिथे मेलेल्या सैनिकांची नावं पुकारतात आणि घरचं माणूस ‘हजर’ म्हणतं. एमिलसाठी मायलो म्हणायचा. आता त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी पुढच्या वर्षाचं काही बोलायचं टाळलं होतं. “एकदा एमिलच्या गाडीतून जाईन,” एवढंच त्याने मागितलं होतं.

त्या सोमवारी मायलो पुढे बसला. मागे त्याच्या अंगणातली पिओनीची फुलं होती, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पाणी घालून ठेवलेली, एकेका थडग्यासाठी एकेक डबा. आम्ही सगळ्यांच्या शेवटी होतो, बँडमागे, पायी चालीने. वारा नाही, ऊन मात्र भरपूर. मी तापत गेलो. गावाबाहेर खडीचा चढ लागला आणि वरचा पाइप टोकाशी फाटला. माझं सगळं पाणी रस्त्यावर. मिरवणूक चढापलीकडे दिसेनाशी झाली. बँडच्या गोंगाटात मागे कुणी पाहिलं नाही.

“परीक्षक खूश झाले असते बघ,” मायलो म्हणाला.

“गप्प बस रे,” वेंडल म्हणाला.

इंजिन निवेपर्यंत दोघं थांबले. मग वेंडलने चाकूने फाटकं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला, क्लिप आवळली. पण पाणी कुठून आणणार? दोन्ही बाजूंना नुसतं शेत.

“डब्यातलं ओत,” मायलो म्हणाला.

“आणि फुलं? कोमेजतील ती.”

“ज्यांच्यासाठी नेतोय ते काही बोलणार नाहीत. ओत.”

एकेक डबा माझ्यात रिकामा झाला. पाण्याबरोबर एक गुलाबी पाकळीही आत आली.

पोहोचलो तेव्हा दफनभूमी रिकामी होती. नावं पुकारून झाली होती, लोक जेवायला गेले होते. वेंडल एमिलच्या थडग्यापाशी टोपी काढून उभा राहिला आणि मोठ्याने ओरडला, “एमिल कुचेरा!”

“हजर,” मायलो म्हणाला. ते ऐकायला वेंडल आणि मी, दोघंच होतो.

मायलोने पुढचा वसंत पाहिला नाही. वेंडलने दुकानातून नवे पाइप आणले, बसवले. आर्डिस दारात उभी होती. ती एकेक क्लिप त्याच्या हातात देत होती. नवं रबर मऊ होतं, आणि मला त्याचा रागच आला. हेच गेल्या वर्षी आणता आलं असतं.

मे महिन्यात आम्ही न तापता, वेळेवर पोहोचलो. शेजारची सीट रिकामी होती. मायलोचं नाव पुकारलं, तेव्हा त्याच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. “हजर,” वेंडल म्हणाला.

लोक गेल्यावर तो एक कोरडा डबा घेऊन माझ्यापाशी आला. मी निवेपर्यंत गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. मग माझ्या तळाची तोटी उघडून त्याने डबा भरला, मायलोच्या थडग्यासाठी त्यात पिओनी ठेवली आणि माझ्या कडेवर थाप मारली. मित्रांनो, ती थाप मला नको होती. जे पाइप बदलायचे ते माणूस शेजारी बसलेला असतानाच बदला. पाणी मी परत दिलं, पण ते मायलोला द्यावं लागलं.