ओल्या जागेवरचं उत्तर

धाकट्या बहिणीच्या ज्या पत्राला मोरेश्वर बापटांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं, ते पत्र डॉक्टर तांबोळीबाईंना त्यांच्या श्वासनलिकेत सापडलं. दुर्बिणीतून त्यांनी ते शांतपणे वाचून दाखवलं. ‘दादा, आईच्या शेवटच्या आजारात मी आले नाही, म्हणून रागावलास का? एवढंच कळव. शालन.’

मग चिमट्याने त्यांनी पत्र सोडवून बाहेर काढलं.

"खाली जखम आहे. श्वास गळतोय. उत्तर का नाही दिलंत?"

"खर्डे काढत होतो," बापट पुटपुटले. "एकही धड उतरेना."

"नोकरी काय करत होता तुम्ही?"

"तालुका वाचनालयात ग्रंथपाल. फाटकी पानं खळीनं चिकटवायचो."

"खळ ओल्यावर धरत नाही, काका. हे धरतं."

त्यांनी तळहातावर एक चकती ठेवली; शिजलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसणारी, लिबलिबीत. ओल्या मांसाला ती चिकटून बसते आणि आपल्या पोटातलं औषध थोडंथोडं सोडते. "औषध मात्र तुम्हीच लिहायचं," असं म्हणून त्यांनी बारीक टोकाचा टाक दिला.

आधी खर्डा, मग पक्की प्रत, ही बापटांची जन्माची सवय. खर्डाच तर आहे, म्हणून ते न अडखळता चकतीवर लिहून गेले: ‘शालू, रागावलो नव्हतो. मी तिथं असूनही आईजवळ बसलो नाही. भीती वाटायची. दाराबाहेर पुस्तक धरून बसायचो. तुला कळू नये म्हणून गप्प राहिलो. ये.’

"आता दुसरी चकती द्या," ते म्हणाले. "पक्की प्रत करतो."

"पहिलीच केव्हाची बसवली."

घशात गार वाटलं.

"अहो, तो खर्डा होता."

"छान धरलाय. सात दिवस तोंड उघडायचं नाही. शब्द सांडतील."

चकती विरघळू लागली. एकेक शब्द वर येऊन जिभेखाली बसू लागला. ‘दाराबाहेर’ फार कडू होता. गिळून टाकावा असं त्यांना दोनदा वाटलं.

"सुपारी धरलीय का काका गालात?" वॉर्डातल्या रखमामावशींनी विचारलं. बापटांनी मान हलवली.

तोवर खोली गोल झाली होती. भिंतींवर श्वासनलिकेसारखी कूर्चेची कडी उमटली आणि रोज ती थोडी आत सरकू लागली. चौथ्या दिवशी पलंग मावेना, तेव्हा मावशींनी तो बाहेर नेला. "उभंच राहा आता," त्या म्हणाल्या आणि बापटांच्या शर्टाचं वरचं बटण लावून गेल्या.

सातव्या दिवशी खांद्यांपुरतीच जागा उरली. पलीकडच्या टोकाला टपालाची लाल पेटी होती.

"जखम भरली," मागून डॉक्टरांचा आवाज आला. "सोडा आता."

एक वाक्य अजून बदलता आलं असतं. बापट थबकले. पाठीमागचं कडं हळूच मिटलं आणि त्यांना पाऊलभर पुढे सारून थांबलं.

त्यांनी पेटीच्या फटीला ओठ लावले आणि श्वास सोडला, शेवटच्या ‘ये’पर्यंत.

पेटीनं तो आत घेतला.